चाळीस हा आकडा माझा होता

बसू,

तुझ्या मृत्यूचा दाखला काल मी कचेरीच्या खिडकीवर हातात घेतला, वाचला आणि परत आत सरकवला. त्यावर तुझं नाव असं छापलं होतं: तेलसंगे बसवराज मल्लि. पुढे कोरा कागद. तुझ्या वडिलांचं मल्लिकार्जुन हे नाव यंत्रानं मधोमध तोडलं होतं.

शैलावहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "घेऊया की अण्णा. कळतंय सगळ्यांना."

मी म्हणालो, "नाही घ्यायचा."

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. कसा गेलास, किती वाजता, कुठल्या वॉर्डात, ते इथे लिहीत नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांना माहीत आहे. मला दुसरं काहीतरी लिहायचं आहे आणि ते पाच वर्षं उशिरा लिहितो आहे.

जयसिंगपूरला तुझ्या घरी माणसं जमली त्या दिवशी आपले निवृत्त साहेबही आले होते. मनानं आले होते, ते नाकारत नाही. चहा घेताना ते सगळ्यांना म्हणाले, "हुशार गडी. पण मोजणीत कच्चा. आणि त्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नादाला लागला, न्हाईतर आज आमच्याकडं कायम झाला असता." चार जणांनी माना हलवल्या. मी त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. मी काही बोललो नाही. हे दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा कधी झालं होतं ते तुला माहीत आहे.

तिसऱ्यांदा होणार नाही, म्हणून हे लिहितो.

ज्यांना आपण दोघं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. तू ते वाचताना कंटाळशील, पण थांब. आपण एका दूध संघात कामाला होतो. मी संगणक विभागात कायम, तू दर वर्षी जूनमध्ये करार नवा होणारा. गावोगावच्या दूध संस्थांचे सभासद आपल्या यंत्रात होते आणि निवडणूक आली की त्यांची मतदार यादी आपण काढायची. आपल्या जिल्ह्यात दूध संस्थेची निवडणूक काय असते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लग्नं मोडतात तिच्यापायी. यादीत एक काना चुकला तरी माणसं जीप भरून कोल्हापूरला येतात.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे विकतचं सॉफ्टवेअर होतं त्यात नावाला इंग्रजीतली पंचवीस अक्षरं मिळायची. तू तेव्हा नव्हतास, मी होतो. म्हणून पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं: बी. डी. पाटील एका गावात अकरा. एल. डी. पाटील दोन. गारगोटीकडच्या त्या गावात लक्ष्मीबाई ज्ञानेश्वर पाटील दोन होत्या, एक विहिरीजवळच्या, एक माळावरच्या. एका निवडणुकीत माळावरच्या आधी येऊन गेल्या आणि विहिरीजवळच्यांना केंद्रावर सांगितलं, "बाई, तुमचं मत झालंय, जावा." त्या उन्हात दोन तास उभ्या राहिल्या आणि घरी गेल्या. त्याची तक्रार आली होती. फायलीला लावून मीच ती कपाटात ठेवली. मी काय करणार होतो, पंचवीस म्हणजे पंचवीस.

तू आलास आणि दुसऱ्या आठवड्यात ती तक्रार कपाटातून काढलीस.

"अण्णा, ही बाई खरं बोलतीया."

"हो."

"मग?"

"मग काय? रकाना पंचवीसचा आहे."

"रकाना देवानं केलाय व्हय?"

तिथून तू तो दुसरा डेटाबेस आणलास. ज्याचा सगळा कोड उघडा असतो, जगभरची माणसं आपापल्या घरी बसून ज्याची दुरुस्ती करतात आणि कुणीही घेऊन वापरावा, बदलावा, असा. साहेबांना तो 'फुकटचा' एवढाच कळला आणि तेवढ्यावर त्यांनी परवानगी दिली. सगळी नावं मराठीत, पूर्ण, उर्फसकट, गल्ली-मळ्यासकट घालायची असं तू ठरवलंस. आपल्या गावात माणसाचं नाव तेवढंच असतं. नुसतं पाटील म्हटलं तर निम्मं गाव वळून बघतं.

एकच अडचण होती. त्या डेटाबेसला आपला बाराखडीचा क्रम नीट येत नव्हता. क्ष आणि ज्ञ आपण शेवटी घेतो, तो त्यांना क आणि ज यांच्या पोटात घालायचा. कोड उघडा होता, म्हणून तू स्वतः मराठी क्रम लावणारा तुकडा लिहून त्याला जोडलास. त्या तुकड्याला आधी सांगावं लागायचं, की सगळ्यात लांब नाव किती अक्षरांचं असेल. तेवढी जागा तो यंत्राच्या स्मृतीत मागून घेणार. तू मला विचारलंस, कारण आकडे माझ्याकडे.

मी तीन दिवस रजिस्टरं घेऊन बसलो. सगळ्यात लांब नाव निघालं ते त्याच बाईंचं: लक्ष्मीबाई ज्ञानेश्वर पाटील उर्फ आक्काताई विहिरीजवळच्या. अक्षरं चोवीस. मधल्या मोकळ्या जागा पाच. एकोणतीस. मी दोनदा मोजलं. वर अकरा जास्त धरून कागदावर लिहिलं, चाळीस. खाली सही केली नाही, पण पेन्सिलीनं अधोरेखित केलं. तू तो आकडा घेतलास, यंत्राच्या मापानं एका अक्षराला तीन बाइट म्हणून तिनानं गुणलंस आणि एकशेवीस बाइटांची जागा मागितलीस.

यादी लावायला दहा दिवस राहिले असताना डेटाबेस कोसळायला लागला.

यादी नावाच्या क्रमानं मागितली की यंत्र चालायचं, चालायचं आणि मग स्मृतीबद्दल एक ओळ पडद्यावर टाकून गप्प व्हायचं. सगळ्या गावांसाठी नाही, त्या एका गावासाठी. तेही दर वेळी नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला यादी पूर्ण आणि बिनचूक छापून यायची. मला तेवढं पुरे होतं. मी म्हणालो, "छापून आली की झालं. घेऊन टाक."

"चालतंय म्हंजे बरोबर हाय असं न्हवं, अण्णा. आज चाललं. मतमोजणीच्या दिवशी पडलं तर?"

तेव्हा तू मला स्मृती म्हणजे काय ते सांगितलंस. मी ते पुढे कितीतरी जणांना तुझं नाव घेऊन सांगितलं. तू म्हणालास, "यंत्र म्हंजे शिवार. डेटाबेस दर नावाला म्हणतोय, दहा गुंठं द्या. दिलं. आता नांगर अकरा गुंठ्यांत फिरला, तर त्या दिवशी कुणाला कळतंय? शेजारी पेरायला आला की कुऱ्हाडी निघत्यात. आणि पंच कुठं जमत्यात? शेजाऱ्याच्या रानात. चूक एकीकडं, बोंब दुसरीकडं. आपण चार दिवस शेजाऱ्याच्याच रानात उभं हाय. बांध कुणी कोरला ते बघायला पायजे."

तू बाहेरच्या जाणकारांनाही विचारलंस. त्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांची ई-मेलची एक टपालयादी होती, तिथे प्रश्न टाकायचा आणि कुणीतरी कुठूनतरी उत्तर द्यायचं. पहिलं उत्तर आलं की तुमची स्मृतीची पट्टी खराब असेल. आपण दूध तपासणीच्या खोलीतल्या यंत्राची पट्टी काढून आणून लावली. त्या खोलीतल्या बाईंच्या शिव्या खाल्ल्या. फरक नाही. दुसरं उत्तर आलं: नावाचा रकाना लहान करा, इतकं लांब नाव कुणाचं असतं?

ते उत्तर छापून तू भिंतीला चिकटवलंस. मग दोन बोटांनी टाइप करत त्यांना लिहिलंस, मला मराठीत सांगत सांगत: "आमच्याकडच्या माणसांचं असतं. नाव त्यांचं आहे, रकाना आपला आहे. बदलायचं झालं तर आपलं बदलूया."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी त्यांच्या बाजूनं होतो. मी तुला म्हणालो होतो, की उर्फपासून पुढचं उडवून टाकू. सतराच नावं तर आहेत एवढी लांब. यादी वेळेवर लागेल.

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरासारखं.

"आणि त्या दोन लक्ष्मीबाई?"

"त्यांचं बघू."

"मागल्या खेपेला पण बघितलंच की तुम्ही. कपाटात."

मी उठून बाहेर गेलो. टपरीवर चहा घेतला. एकट्यानं घेतला, तुझा आणला नाही. परत आलो तर तू कामाला लागला होतास आणि माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होतीस.

तू केलेली युक्ती साधी होती. आधी तू यादी निम्मी करत गेलास. सहाशे बारा नावं, तीनशे सहा, एकशे त्रेपन्न. पण दोन्ही निम्म्या वेगवेगळ्या चालवल्या की सुरळीत चालायच्या आणि एकत्र केल्या की कधी पडायच्या, कधी नाही. दोन दिवस त्यात गेले. मग तू म्हणालास, हद्दीचे दगड रोवूया. प्रत्येक नावासाठी जागा मागताना आठ बाइट जास्तीचे मागायचे आणि त्यात शेवटी ठरावीक खूण भरून ठेवायची. नाव लिहून झालं की लगेच बघायचं, दगड जागेवर आहेत का. शेजारी पेरायला येईपर्यंत थांबायचंच नाही.

दुपारचे बारा वाजले असतील. संकलनाच्या गाड्या रिकाम्या होऊन अंगणात उभ्या होत्या, कॅन धुतल्याचा आवाज येत होता. तू एंटर दाबलंस. नावं सरकत गेली. दगड ठीक, दगड ठीक, दगड ठीक. आणि एका नावाला यंत्र थांबलं.

लक्ष्मीबाई ज्ञानेश्वर पाटील उर्फ आक्काताई विहिरीजवळच्या.

"हिनंच बांध कोरलाय!" तू टेबलावर हात आपटलास. मग पडद्याकडे वाकलास. "पण अण्णा, ही एकोणतीस अक्षरांची. चाळीस धरलंय. बसायला पायजे की."

"बसायलाच पाहिजे. मी दोनदा मोजलंय."

तू पडद्यावर बोट ठेवून मोजायला लागलास. तू मनाशी मोजायचास ते नेहमी कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पंचावन्नाला थांबलास.

"पंचावन्न."

"एकोणतीस."

"अण्णा, पंचावन्न."

"अरे, तू कानडीत मोजतोस म्हणून दुप्पट येतं का? ल, क्ष्मी, बा, ई. चार."

"परत म्हणा."

"ल, क्ष्मी, बा, ई."

तू दोन्ही हात डोक्याला लावलेस आणि हसायला लागलास. इतकं हसलास की दूध तपासणीच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पावणं, तुमची शाळा कुठली? गुरुजी लय चांगलं हुतं बघा! यंत्र त्या शाळेत गेलंच न्हाई!"

मग कागद ओढून तू एकाखाली एक लिहून दाखवलंस. ल. क. पाय मोडायची खूण. ष. परत पाय मोडायची खूण. म. दीर्घ वेलांटी. मला जे क्ष्मी हे एक अक्षर होतं, ते यंत्राला सहा खुणा. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. आख्खं नाव पन्नास खुणा आणि पाच मोकळ्या जागा. खुणेला तीन बाइट, मोकळ्या जागेला एक, मिळून एकशे पंचावन्न. आपण मागितले होते एकशेवीस. पस्तीस बाइट शेजाऱ्याच्या रानात.

मी तो कागद तीनदा तपासला. बरोबर होता. वीस वर्षं मी आकड्यांचं काम करत होतो आणि माझी बेरीज कधी चुकली नव्हती. तेव्हाही चुकली नव्हती. मी चुकीची वस्तू मोजली होती. मराठी शाळेत शिकलेला माणूसच अशी चूक करू शकतो आणि इतकी बिनचूक करू शकतो.

तू दुरुस्ती केलीस ती आकडा वाढवून नाही. मी म्हणालो होतो, चाळीसचे शंभर कर. तू म्हणालास, "उद्या शंभर एक आलं तर? आकडा नकोच. दर नावाला विचारायचं, बाई तुला किती लागतंय, आणि तेवढं द्यायचं." शिवाय डेटाबेसच्या मूळ कोडात एक तपासणी घातलीस, की जोडलेला तुकडा सांगितल्यापेक्षा जास्त लिहू लागला तर तिथेच अडवायचं, कोसळायचं नाही. ती तू त्या टपालयादीवर पाठवलीस. कुणी म्हणालं, चूक तुमची, आम्ही का तपासायचं? तू उत्तर दिलंस. परत कुणी काही म्हणालं. परत उत्तर. सात पत्रं झाली, मी मोजली आहेत. आठव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, की घेतली.

पण त्याच्या आधी साहेबांनी आपल्याला आत बोलावलं होतं.

आता त्या खोलीतलं लिहितो. तू, मी, साहेब. यादी तीन दिवस उशिरा झाली होती. साहेब म्हणाले, "कशामुळं?" तू म्हणालास, "जागा कमी मागितली गेली. सापडलं, दुरुस्त केलं." ते म्हणाले, "कमी कुणी मागितली?"

बसू, त्या टेबलावर निळा पेनस्टँड होता. त्यात चार पेनं होती, एकाला टोपण नव्हतं. मला ते इतकं नीट आठवतं, कारण मी सगळा वेळ तिकडेच बघत होतो.

तू जरा थांबलास. मी बोलतो का ते पाहिलंस. मग म्हणालास, "मोजणीत आमची गफलत झाली."

साहेब म्हणाले, "आमची म्हंजे तुझीच. ह्यांची बेरीज वीस वर्सांत चुकली न्हाई."

आणि मी ती दाद घेऊन बाहेर आलो.

जूनमध्ये तुझा करार नवा झाला नाही. त्या एका कारणानं झाला नाही असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. पण ते कारण फायलीत लिहिलेलं आहे. 'नोंदींच्या मोजणीत हयगय.' ती फाईल मी पाहिली आहे. माझ्याच कपाटात होती.

तू नंतर एकदाही ते काढलं नाहीस. जयसिंगपूरला छोटं दुकान टाकलंस, यंत्रं दुरुस्त करायचास आणि दुपारचे दोन तास त्या डेटाबेसला द्यायचास. कुणी विचारलं की ह्यातनं मिळतंय काय, तर म्हणायचास, "गावची विहीर उपसायला गेल्यावर विचारताय व्हय, पाणी कुणाच्या नावावर?" मी महिन्यातून एकदा यायचो. आपण भांडायचो ते भलत्याच गोष्टीवरून. चूक डेटाबेसची की आपली? तू म्हणायचास, दोघांची. त्यांनी विश्वासानं घेतलं, आपण चुकीचं दिलं. मी अडून बसायचो, चूक पूर्ण आपली. पाच वर्षं मी 'आपली' म्हणत राहिलो. ताठ मानेनं म्हणत राहिलो, जणू काही मी मोठा प्रामाणिक. 'माझी' म्हणायला एक अक्षरही जास्त लागत नव्हतं.

तू समोर असताना सांगता आलं असतं. दुकानात, तुझ्या त्या डगमगत्या स्टुलावर बसून. तू हसला असतास, "आता कुठं मोजायला शिकलासा" म्हणाला असतास. तेवढ्यासाठी मी थांबायला नको होतं.

म्हणून इथे लिहून देतो, साहेबांनी वाचावं, त्या चार जणांनीही वाचावं. चाळीस हा आकडा माझा होता. बसवराज मल्लिकार्जुन तेलसंगे मोजणीत कच्चा नव्हता. त्या कार्यालयात बरोबर मोजणारा तोच एक होता. आणि ज्याला तुम्ही फुकटचा नाद म्हणता, त्यात त्यानं घातलेली ती तपासणी अजून आहे. मदत करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. तिथे कुणी ते कापलं नाही.

एक चांगलं आठवतं, तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील अण्णा नुसतं रडगाणं लावतात. यादी लावायला आपण दोघं एसटीनं गारगोटीला आणि तिथून पुढे त्या गावात गेलो होतो. संस्थेच्या दारात तू कागद चिकटवत होतास. एक म्हातारी बाई, डोक्यावर पदर, हातात रिकामी किटली, मागे येऊन उभी राहिली.

"माजं हाय का बघ रं त्यात. मागं न्हवतं."

"नाव काय मावशी?"

"लक्षीमबाय. आक्काताय म्हंत्यात."

तू बोट ठेवून मोठ्यानं वाचलंस. सगळं. लक्ष्मीबाई ज्ञानेश्वर पाटील उर्फ आक्काताई विहिरीजवळच्या. दारातली चार माणसं वळली.

ती म्हणाली, "व्हय, मीच ती. पर हीर बुजवून तीस वर्सं झाली की रं."

मी तुला कोपरानं ढोसलं. बघ, मी म्हणत होतो उडवून टाकूया.

तू तिला विचारलंस, "मग काढू का विहीर?"

"काडतोस कशापायी? ऱ्हाऊ दे. हीर गेली, म्या हाय की. म्हन परत एकदा."

तू परत म्हटलंस. मग तिसऱ्यांदा. ती किटली हलवत गेली. येताना एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास आणि मला वाटलं तुला झोप लागली. लागली नव्हती.

आता कालचं सांगून संपवतो.

खिडकीतला कारकून वाईट माणूस नाही. तरुण आहे, कपाळाला भस्म, समोर गठ्ठा. मी दाखला परत सरकवल्यावर म्हणाला, "काय झालं पावणं?"

"नाव अर्धं आहे."

"जागाच तेवढी हाय वो. वीस. बाकीचं पेनानं लिवून शिक्का मारून देतो."

"आणि यंत्रात?"

"यंत्रात ऱ्हाणार तेवढंच."

"मग नको."

मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "घ्या की वो, मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?" वहिनींनी माझी बाही धरली. मी सरकलो नाही. कारकुनानं दाखला उचलला, नाव पूर्ण काय ते मला विचारलं आणि बोटांवर मोजायला लागला. त, मात्रा, ल असं नाही. माझ्यासारखं, शाळेसारखं. "ते, ल, सं, गे, चार. ब, स, व, रा, ज, नऊ. म, ल्लि, का, र्जु, न. चौदा. मधल्या जागा दोन. सोळा." तो थांबला. पडद्याकडे बघितलं, दाखल्याकडे बघितलं. "वीस हाय की. बसायला पायजे की वो!"

बसू, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मी खिशातून पेन काढलं आणि त्याच्याच कागदाच्या पाठीवर तेलसंगेपासून एकाखाली एक लिहीत गेलो, मल्लिकार्जुनपर्यंत. म. ल. पाय मोडायची खूण. ल. ऱ्हस्व वेलांटी. मी मोठ्यानं मोजत होतो आणि सातव्या-आठव्या खुणेला माझ्या लक्षात आलं की मी कानडीत मोजतो आहे. मला कानडी येत नाही. आकडे तेवढे येतात, तुझे ऐकून ऐकून.

मोकळ्या जागा धरून सत्तावीस झाल्या.

कारकुनानं कागद उचलून खुणा स्वतः परत मोजल्या. मग हळूच म्हणाला, "म्हंजे सगळ्यांचीच तुटली असतील की." आणि त्यानं शेजारचा गठ्ठा ओढला, वरून एकेक दाखला उचलून बघायला लागला. तिसऱ्याच दाखल्याला थांबला. बाजूला ठेवला. मग पाचव्याला.

तुझा दाखला मी घेतलेला नाही. वरच्या साहेबांना अर्ज दिला आहे. यंत्रातला रकाना बदलेपर्यंत मी घेणार नाही आणि वहिनींनीही आता तसंच ठरवलं आहे. लागला उशीर तर लागू दे. अर्जात लिहिलं आहे: नावाच्या खुणा पंचवीस, मोकळ्या जागा दोन, एकूण सत्तावीस. रकाना वीसचा. चूक रकान्याची, नावाची नाही. सत्तावीसचा रकाना करू नका, कारण उद्या अठ्ठावीसचं नाव येईल. प्रत्येक नावाला विचारा, किती लागतं, आणि तेवढं द्या.

आकडा तीनदा तपासला आहे. खाली सही केली आहे. माझ्या पूर्ण नावानं, माझी एकट्याची.